कठड्याच्या खालून

दर वीस मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि मी पुढे वाकते. छाती मांड्यांवर टेकवते, हात पायांशी सोडून देते, मान सैल करते. दोन मिनिटं तशीच राहते. कमरेखाली मला काही जाणवत नाही, त्यामुळे ‘आता जरा हल’ असं सांगणारं शरीरात कुणी उरलेलं नाही; ते काम घड्याळाकडे दिलंय. एकाच जागी भार राहिला की तिथल्या कातडीला रक्त पुरत नाही, आणि तिथे जखम झालीच तर ती भरायला महिने लागू शकतात. म्हणून हे वाकणं, कुठेही असले तरी. पाहणाऱ्याला वाटतं बाईंना चक्कर आली. एकदा एका सद्गृहस्थांनी तोंडावर पाणी मारलं होतं.

त्या सकाळी मी नदीवरच्या लाकडी डेकवर होते. घड्याळ थरथरलं, मी वाकले, आणि मान तिरकी झाली तेव्हा डोळ्यांसमोर कठड्याच्या फळ्यांमधली खालची फट आली. फटीतून दिसत होते काठावरचे ओले गोटे. त्यांतला एक गोटा हलत होता. शेपटी खाली-वर, खाली-वर, जणू स्प्रिंगवर बसवलेली. तुतारी, पाण्याकाठी वावरणारा लहानसा पक्षी. माझ्यापासून सात-आठ मीटरांवर. वर तपकिरी, खाली पांढरी, आणि पोटाचा पांढरा रंग खांद्याजवळ पंखाच्या पुढून पाचरीसारखा वर चढलेला. ओळख पटवायची ती याच पाचरीवरून, हे मी कितीदा वाचलं होतं. प्रत्यक्षात आजवर तुतारी म्हणजे पाण्याला लगटून, ताठ पंखांनी थोडं फडफडत थोडं तरंगत पलीकडच्या काठाला जाणारा एक ठिपका आणि ‘टी-वी-वी’ अशी बारीक हाक. पाचर पहिल्यांदाच बघत होते. ती दोन गोट्यांच्या मधून एक अळी ओढत होती, अळी निघत नव्हती, आणि या सगळ्या खटपटीत शेपटीचा ताल काही चुकत नव्हता.

दोन मिनिटं झाली. मी उठून बसले आणि तुतारी नाहीशी झाली. उडाली नव्हती, तिथेच होती. फक्त माझ्या बाजूने मावळली होती.

घरी येऊन भाचीला मेजपट्टी घ्यायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डेकवर मोजमापं करत बसलो. कठड्याची वरची फळी जमिनीपासून १ मीटर १० सेंटीमीटरवर. माझ्या व्हीलचेअरमध्ये ताठ बसल्यावर माझे डोळे १ मीटर १४ वर. म्हणजे मला कठड्यावरून दिसतं, तक्रारीला जागा नाही, असं वाटेल. पण ती फळी वीतभर रुंद आहे. लोकांना कोपरं टेकता यावीत म्हणून मुद्दाम तशी केलेली. माझे फूटरेस्ट कठड्याला आधी लागतात, त्यामुळे डोळे फळीपासून दोन फूट मागे. फळीच्या पलीकडच्या कडेवरून रेघ ओढली तर ती पाण्याला जाऊन टेकते पन्नास मीटरांवर. त्याच्या अलीकडचं सगळं पाणी, सगळा काठ, चिखल, गोटे, लव्हाळी हे माझ्या हिशेबातच नाही. उभा माणूस नुसता खाली बघतो. मला दिसते नदीची पलीकडची अर्धी बाजू: झाडांचे शेंडे, खडकावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, लांबचा राखी बगळा. सगळं भव्य, आणि सगळं लांब. वरच्या फळीखाली दोन रुंद फळ्या चिकटून ठोकलेल्या, आणि त्यांच्या खाली ती फट.

चार सेंटीमीटरांचा हा प्रश्न. पण डेक ‘सुगम’ आहे. तसा निळा फलक लावलाय, त्यावर खुर्चीत बसलेला तो पांढरा माणूस. त्याला नदी दिसते का, कुणी विचारलेलं नाही.

पक्षी बघायला काय लागतं? डोळे, दुर्बीण आणि धीर, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हात लागतात असं कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याचे हात मोकळेच असतात. तो चालतो पायांनी आणि दुर्बीण धरतो हातांनी. माझ्याकडे चालायला हात आणि धरायलाही हातच. मी एक तर जाते किंवा बघते. चालता चालता बघणं नावाची गोष्ट मला करता येत नाही.

याचा सगळ्यात जास्त त्रास छोट्या खंड्याने दिला. तो नदीवरून येताना आधी शिट्टी घालतो, उंच, धारदार. चालणाऱ्या मंडळींसाठी ती आगाऊ सूचना. माझं असं: शिट्टी ऐकली, दोन्ही हात रिमवर दाबून खुर्ची थांबवली, उतार असेल तर एक ब्रेक, दुसरा ब्रेक, मग दुर्बीण छातीवरून वर. तोवर तो वळणापार. कितीतरी महिने माझा खंड्या म्हणजे एक शिट्टी आणि पाण्यावरून सरकलेली निळी रेघ. शेवटी पाठलागच सोडला. त्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात, पाण्यावर झुकलेली एखादी फांदी, एखादा खुंट, आणि तो पुन्हापुन्हा तिथेच येतो. मी अशा खुंटापासून थोडं लांब जाऊन, ब्रेक लावून, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवून, दुर्बीण आधीच डोळ्यांना लावून बसायला लागले. कोपरं अशी टेकली की प्रतिमा हलत नाही, हा एक फायदा. दुर्बीण माझी ८x४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापटीच्या दुर्बिणीतून पक्षी आणखी मोठा दिसतो खरा, पण थकल्या खांद्यांची थरथरही तेवढीच मोठी दिसते.

आला. खुंटावर बसला तेव्हा मी पाण्याच्या जवळ, सखल वाटेवर होते, आणि तो माझ्या डोळ्यांच्या किंचित वर. मला त्याचं पोट दिसलं, भाजलेल्या विटेसारखं नारिंगी. निळ्या पाठीचं एवढं कौतुक होतं, पण त्या निळ्यात निळं रंगद्रव्य नाहीच. पिसांच्या आतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि निळा भासतो. नारिंगी मात्र रंगद्रव्याचा. म्हणजे वरून बघणाऱ्यांना भास आणि मला खरा रंग, असं मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, “मावशी, काहीही हं.”

भाचीबद्दल सांगायला हवं, कारण अर्ध्या गोष्टी तिच्यामुळे कळल्या. नदीकाठच्या त्या वाटेचा एक तुकडा खडीचा आहे. खडीत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात आणि खुर्ची नाक खुपसून उभी राहते. मागून कुणी जोरात ढकललं तर बसणारा पुढे पडतो. म्हणून खडीत खुर्ची वळवायची आणि उलटी ओढायची, मोठी चाकं आधी. पहिल्यांदा फार अपमान वाटला. पोत्यासारखं ओढत नेणं वाटलं ते. पण उलटं जाताना तोंड मागच्या वाटेकडे असतं, आणि मागच्या वाटेवर काय चालतं हे मला तेव्हाच कळलं.

माणसं गेली की पक्षी परत येतात. सगळे नाही, एकदम नाही. आम्ही साधारण वीस पावलं गेलो की आधी धोबी पक्षी वाटेवर उतरतो, इकडेतिकडे धावून बघतो. मग चिमण्यांसारखं काहीतरी झुडपातून खाली येतं. मग, जरा उशिराने, पाणकोंबडी लव्हाळ्यातून मान काढते, पाऊल उचलून हवेतच धरते, विचार करते आणि ठेवते. पुढे बघत चालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्या पुढे सदैव पक्षी उडत असतात आणि त्याला वाटतं की इथे फारसं काही नाही. त्याच्या पाठीमागे वाट पुन्हा भरत असते. आता सपाट वाटेवरही मी कधीकधी भाचीला म्हणते, “उलटी ने.”

डांबरी वाटेचं दुखणं वेगळं. पावसाचं पाणी नदीकडे वाहून जावं म्हणून ती आडवी किंचित कललेली असते. मीटरमागे दोन सेंटीमीटर कल असेल तर चालणाऱ्याच्या पायांना पत्ताही लागत नाही. खुर्चीला मात्र नदीची ओढ लागते. नदीच्या बाजूचा हात दुप्पट राबतो, दुसरा नुसता सोबतीला. परतताना दुसऱ्या खांद्याची पाळी. त्या संध्याकाळी मला कोणता खांदा जास्त दुखतोय यावरून भाची ओळखते की मी किती लांब जाऊन कुठून परतले.

आणि पूर. पाणी ओसरल्यावर वाटेवर गाळाचा एक मऊ थर राहतो, साबणासारखा. चालणाऱ्यांचे बूट खराब होतात, संपलं. माझा गाळ चाकावर, चाकावरून तळहातावर, तळहातावरून दुर्बिणीच्या फोकसच्या चाकावर. एकदा त्यात रेतीचा एक कण अडकला आणि नंतर दर वेळी फोकस करताना बारीकसा ‘कर्र’ आवाज यायला लागला. राखी बगळा शंभर मीटरांवरून त्या आवाजाने उडाला असं मी शपथेवर सांगितलं होतं. आता हातमोजे घालते, आणि पक्षी आला की दाताने एक हातमोजा ओढून काढते. दिसायला फार भयंकर दिसतं म्हणे.

लपणाची कथा थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यातलीच आहे. पक्षी निरीक्षणासाठी बांधलेलं ते लाकडी लपण. दार पुरेसं रुंद, उंबरा नाही, आत खुर्ची वळायला जागा. मी खूश. आत भिंतीला समांतर एक लांब बाक, जमिनीत पक्का बसवलेला. बाकावर बसून खिडकीच्या फटीतून बघायचं. माझी बसायची सोय मी सोबत घेऊनच आले होते, पण तिला ठेवायला जागा नव्हती. बाकामागे खुर्ची लावली की खिडकी हाताभर लांब, आणि फटीतून फक्त आभाळ. अर्धा तास मी आभाळ बघितलं. घारी होत्या. बाकाचा एक मीटर कापून काढला असता, त्या जागी खिडकी थोडी खाली आणली असती आणि फळीखाली गुडघे जायला जागा ठेवली असती, तर झालं असतं. करवतीचं काम.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर कौतुकाचा. “तुम्ही किती शांत बसता हो ताई, म्हणून तर पक्षी तुमच्याजवळ येतात. आम्हाला नाही जमत असं.” गटातून आलेली मंडळी असं म्हणतात आणि पुढच्या वळणाला जाऊन चार जाती जास्त बघून येतात. शांत बसणं हा माझा गुण नाही. पुढच्या वळणाला तीन पायऱ्या आहेत.

बसून पक्षी बघण्याचा एक खेळसुद्धा आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन बर्ड क्लबने सुरू केलेला ‘बिग सिट’: १७ फूट व्यासाचं वर्तुळ आखायचं, आत बसायचं आणि तिथून दिवसभरात दिसतील-ऐकू येतील तेवढ्या जाती मोजायच्या. मला ही कल्पना मनापासून आवडते. वर्तुळात सगळे सारखे. फक्त एवढंच, की खेळणारे संध्याकाळी वर्तुळातून उठून जातात.

तरीही, खोटं कशाला बोलू, ते कौतुक करणारे अगदीच चुकत नाहीत. खुर्चीतल्या माणसाला पक्षी कमी घाबरतात असा माझा अनुभव आहे. उभ्या माणसाची आकृती, दोन पाय, हलणारे हात, वर डोकं, यांना धोका म्हणून ओळखायला ते शिकलेले असावेत. गाडीत बसलेल्या माणसाला ते जवळ येऊ देतात हे पक्षी बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. माझी खुर्ची त्यांच्या हिशेबात गाडी आहे की झुडूप, कोण जाणे. एकदा धोबी माझ्या फूटरेस्टवर येऊन बसला, माझ्या बुटाची नाडी ओढून बघितली, आणि ती खाण्यालायक नाही असं ठरवून गेला. पायाला ते कळलं नाही. डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते.

डेकच्या कठड्याबद्दल मी लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, की उंची सुरक्षिततेच्या नियमानुसार आहे. बरोबरच आहे. कठडा कमी करा असं मी म्हटलंच नव्हतं. मुलं पडू नयेत, मीही पडू नये. मी म्हटलं होतं की डेकच्या एका टोकाला, दोन मीटरांच्या लांबीत, फळ्यांच्या जागी उभ्या सळया किंवा ताणलेल्या तारा लावा. उंची तीच, अडवणूक तीच, फक्त आरपार दिसतं. आणि तिथेच खाली पायाशी थोडी मोकळी जागा, म्हणजे फूटरेस्ट आत जातील आणि डोळे पुढे येतील. हे कुणी नीट वाचलं असं उत्तरावरून वाटलं नाही. दुसऱ्या पत्रात मी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारनाम्याचा दाखला दिला. २००६ सालच्या त्या करारनाम्याचं ३० वं कलम करमणूक, विरंगुळा, खेळ यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याबद्दल आहे. कलम लिहिताना मलाच हसू आलं. एका तुतारीसाठी संयुक्त राष्ट्रं!

पण यात मी एकटी नाही, हे नंतर कळलं. अमेरिकेत व्हर्जिनिया रोझ नावाच्या, स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या पक्षीनिरीक्षक बाईंनी ‘बर्डेबिलिटी’ ही संस्था सुरू केली, आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटीच्या साथीने एक नकाशा उभा राहिला. त्यात लोकच ठिकाणांची माहिती भरतात. मला आवडलं ते त्यातल्या प्रश्नांचं स्वरूप. ‘सुगम आहे का?’ असा गोल प्रश्न तिथे चालत नाही. वाटेचा पृष्ठभाग कशाचा, रुंदी किती, चढ कुठे, फाटक कसलं, बाक किती अंतरावर, स्वच्छतागृह कसं, अशी माहिती मागतात. कारण सुगम कुणाला, ते ज्याचं त्याने ठरवायचं. एकाला चढ चालतो पण खडी चालत नाही. दुसऱ्याला चालता येतं पण दर शंभर पावलांवर टेकायला हवं. तिसऱ्याला सगळं चालतं, फक्त वाटेत शौचालय नसेल तर तो घरातूनच निघत नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन याद्या असतात. डाव्या पानावर पक्षी, उजव्या पानावर वाट. ‘पूल ओलांडल्यावर उतार, १ला १२ पेक्षा तीव्र, एकटीने नको.’ १ला १२ म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. रॅम्पची ती कमाल मर्यादा आहे, आरामाची नव्हे, हे मी खांद्यांच्या साक्षीने सांगते. ‘लाकडी वाट चांगली, फळ्या आडव्या, फटी बोटापेक्षा कमी.’ फळ्या जाण्याच्या दिशेने उभ्या ठोकल्या की पुढचं चाक फटीत बसतं आणि मग रुळावरची आगगाडी होते, जिकडे फट तिकडे खुर्ची. ‘पुलाचा कठडा भरीव, काही दिसत नाही, पण तिसऱ्या खांबाशी पाणी जायचं भोक, त्यातून धोब्याचं घरटं.’ हे शेवटचं उभ्या माणसाला मरेपर्यंत सापडणार नाही, आणि मी सांगणारही नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा डेकवर होतो. कठडा तसाच. पाणी थोडं उतरलं होतं, गोटे जास्त उघडे पडले होते, असा माझा अंदाज. मला दिसत होती ती पलीकडची झाडं आणि पंख वाळवणारा पाणकावळा. भाची कंटाळून फळ्यांवर मांडी घालून बसली होती, फोनमध्ये. मग फोन खाली ठेवला, कठड्याच्या फटीला डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“मावशी, तुझी ती शेपटीवाली.”

“आहे का?”

“दोन आहेत.”

“दोन कशा? मला नेहमी एकच दिसते.”

“एक त्या लाकडी खांबाच्या आड असते. तुला वाकून दिसतच नसेल. थोडी डावीकडे घेऊ तुला?”

तिने ब्रेक काढले, खुर्ची हातभर सरकवली, ब्रेक लावले. घड्याळ थरथरायला अजून अकरा मिनिटं होती. मी वाकले.